एकवीस सह्या

मंजुळाबाईंनी वही उघडली, पहिलं पान पाहिलं आणि चष्मा काढून पदराने पुसला. पुसून पुन्हा लावला, तरी पानावर तेच होतं.

"बाई, काय लिहिलंय आईंनी?" खाटेच्या पलीकडून कल्पिता विचारत होती. "डॉक्टर थांबलेत."

खाटेवर आवडाबाई भोईर डोळे मिटून पडल्या होत्या. हाताला सलाईन, नाकाला नळी, ओठांचे पापुद्रे निघालेले. सकाळी न्हाणीघराच्या दारात त्या कोसळल्या, तेव्हा कल्पिताने, त्यांच्या सुनेने, शेजाऱ्यांना हाका मारून त्यांना रिक्षात घातलं आणि कल्याणच्या या दवाखान्यात आणलं. पहिला फोन तिने नवऱ्याला केला नाही, मंजुळाबाईंना केला. "बाई, तुमच्या त्या ठाण्याच्या गोळ्यांनीच झालंय काहीतरी. तुम्ही या." मंजुळाबाई विठ्ठलवाडीहून निघाल्या त्या एका पायात घरातली सपाता आणि दुसऱ्यात बाहेरची चप्पल घालून. हे त्यांच्या ध्यानात आलं ते आत्ता, वॉर्डातल्या फरशीकडे बघताना.

डॉक्टर वयाने लहान होता. हातातलं पेन तो सारखं उघडमीट करत होता.

"मावशी, रिसर्चवाल्यांनी दिलेली डायरी आहे ना ही? त्यात रोजचं लिहायचं असतं. गोळी कधी घेतली, दुखणं किती, चक्कर आली का. तेवढं वाचून सांगा. शुगर पाचशे ऐंशी आलीये. कशाने चढली ते कळायला नको?"

मंजुळाबाईंनी वही त्याच्यापुढे धरली.

पानावर रकाने आखलेले होते. तारीख, गोळीची वेळ, वेदना शून्य ते दहा, चक्कर किंवा मळमळ, इतर काही. रोजची एक ओळ. आणि प्रत्येक ओळीत, या रकान्यातून त्या रकान्यात उभ्या रेघा ओलांडत, निळ्या शाईत दाबून लिहिलेलं एकच: आवडाबाई भोईर. पहिल्या ओळीत आवडाबाई भोईर, तिच्याखाली आवडाबाई भोईर, पान उलटलं की पुन्हा तेच. एकवीस दिवस, एकवीस ओळी. 'ड'ची खालची गाठ सुटी राहिलेली, आणि वरची रेघ सगळ्यात शेवटी, उजवीकडून डावीकडे ओढलेली. ती रेघ अशी उलटी ओढणारी बाई मंजुळाबाईंनी आयुष्यात एकच पाहिली होती. पहिल्या आठवड्यात अक्षरं टपोरी होती. दुसऱ्यात ती ओळीखाली घसरायला लागली. एकोणिसाव्या दिवशी नुसतंच आवडाबाई. विसाव्या दिवशी आवडा. काल फक्त 'आव', आणि पेन तिथून निसटून कागदाच्या कडेपर्यंत गेलेलं.

"सगळीकडे नावच?" डॉक्टरने पानं चाळली. "यांना लिहिता-वाचता येत नाही का?"

"येतं की!" कल्पिता म्हणाली. "बाईंच्याच वर्गात शिकल्यात आई. अख्ख्या गावाला माहितीये."

मग दोघांनीही मंजुळाबाईंकडे पाहिलं. मंजुळाबाईंनी खाटेची दांडी धरली. दांडी गार होती.

"साखरेच्या रोजच्या गोळ्या कुठल्या घेतात?"

कल्पिताने पिशवीतून डबा काढला. डब्यात दोन पाकिटं होती, दोन्ही भरलेली.

"या बंद केल्यात ना. आई म्हणाल्या, बाईंनी नवीन गोळी मिळवून दिलीय, आता ही कडू नको. मला वाटलं ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरांनीच सांगितलं असणार. परवा भाच्याच्या हळदीत जेवल्या पण चांगल्या. शेवया दोनदा घेतल्या. मी टोकलं तर म्हणाल्या, नवीन गोली हाय ना."

"अहो, ती गोळी पायांच्या आगीवरची आहे. साखरेशी तिचा काय संबंध?" डॉक्टरचा आवाज चढला, मग त्याने तो खाली आणला. "आणि ती खरी गोळी आहे की नुसती पिठाची, हेही कुणाला माहीत नसतं. तीन आठवडे यांच्या पोटात साखरेचं औषधच नाही. हे सगळं त्यांच्या कागदांत लिहिलेलं असणार. सही करताना वाचलं नाही का कुणी?"

त्याने तो प्रश्न कुणा एकीला विचारला नव्हता. उत्तराची वाट न बघता तो नर्सशी इंजेक्शनचं बोलू लागला.

मंजुळाबाई बाहेर येऊन बाकावर बसल्या. समोर औषधांच्या खिडकीशी माणसं उभी होती, कुणाचा तरी नंबर पुकारला जात होता. मांडीवर वही होती आणि ती सोडायला हात तयार नव्हता.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. ठाण्याच्या त्या मोठ्या दवाखान्यात डोळे तपासायला गेल्या असताना त्यांनी भिंतीवरचा कागद वाचला होता. मधुमेहामुळे पायांना आग होणाऱ्या, मुंग्या येणाऱ्या माणसांसाठी नवीन औषध. अभ्यासात स्वेच्छेने सहभागी व्हा. 'स्वेच्छेने' हा शब्द त्यांना आवडला होता. परतताना त्या घरी न जाता तडक आवडाबाईंकडे गेल्या. जिथे पूर्वी भाताची खाचरं होती तिथे आता सात मजले उभे होते, आणि खालच्या मजल्यावर, गॅलरीत बसून, आवडाबाई पाय गार पाण्याच्या टबात सोडून सुकट निवडत होत्या.

"आवडे, आपल्यासारख्या बायका हव्या आहेत त्यांना," मंजुळाबाई म्हणाल्या होत्या. "औषध खरं की खोटं ते कुणीतरी घेतल्याशिवाय कळणार कसं?"

"आपल्यावर बघनार? ठान्यातलं उंदीर संपलं काय?"

"हसू नकोस. माझा धाकटा भाऊ देवीने गेला. लस टोचणारा आला की आई आम्हाला कणगीमागे लपवायची. मी रडले म्हणून सापडले, मला टोचलं. तो गप्प बसला." इतक्या वर्षांनंतरही हे सांगताना मंजुळाबाईंचा हात आपसूक दंडावरच्या वणाकडे जायचा. "ती लसही आधी कुणीतरी टोचून घेतलीच असेल ना?"

आवडाबाईंनी टबातले पाय हलवले होते. "मिठागरात व्हते तवा पाय भाजायचे. वाटायचं, घरात बसाया मिलालं तं थंड होतील. आता घरात बसून भाजतान." मग सुकटीचं ताट बाजूला सारून त्या म्हणाल्या, "तुमी जाताव ना बाई? मंग मी पन येते. तुमच्या वर्गात माजं काय वाईट झालं नाय कदी."

ठाण्याच्या त्या खोलीत मेघना नावाची मुलगी होती. पंचविशीची, गळ्यात ओळखपत्र, बोलायला गोड. तिने दोघींना चोवीस चोवीस पानांचं संमतिपत्र दिलं होतं. घरी न्या, निवांत वाचा, घरच्यांना विचारा, घाई नाही. चार दिवसांनी दोघी परत गेल्या, तेव्हा तिने आवडाबाईंकडे बघून विचारलं होतं, "आजी, तुम्हाला वाचता येतं ना? नाही, येत नसेल तर आमची पद्धत वेगळी आहे. बाहेरचा एक साक्षीदार बसवून सगळं मोठ्याने वाचून दाखवतो, आणि मग अंगठा घेतो."

अंगठा. तो शब्द कानावर पडला आणि मंजुळाबाई खुर्चीत ताठ झाल्या होत्या.

"अंगठा कशाला? माझ्या हाताखाली शिकलीय ती. सही करते."

"सॉरी मॅडम. विचारावं लागतं म्हणून. मग एकदा थोडक्यात सांगू का आतलं?"

"वाचलंय गं बाळा आम्ही. बाहेर एवढी माणसं खोळंबलीयत."

आवडाबाईंनी तेव्हा मंजुळाबाईंकडे पाहिलं होतं. मग पेनाकडे. मग पेन घेऊन, जीभ दातांत धरून, एकेक अक्षर उभं केलं होतं आणि शेवटी वरची रेघ उलटी ओढली होती. मेघना म्हणाली होती, "किती छान अक्षर आहे आजी तुमचं!" आणि तिथे जास्त हरखलं होतं कोण, तर मंजुळाबाई.

बाकावर बसल्या बसल्या त्यांनी तोंडावर पदर धरला. शेजारच्या बाईला वाटलं, रडतायत. त्या रडत नव्हत्या.

डॉक्टरला त्या मूळ कागदांवरचे फोन नंबर हवे होते, म्हणून त्या घरी आल्या. कपाटात वरच्या खणात, पेन्शनच्या फायलीखाली, संमतिपत्र होतं. ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणलं त्याच पिशवीत. पानं हाताला करकरीत लागली. कोपऱ्याची पिन कुठे ढिली झालेली नव्हती. दोनच पानं थोडी मऊ पडली होती: तिसरं, आणि सहीचं शेवटचं.

तिसरं पान त्यांना आठवत होतं. तिथे लिहिलं होतं, 'सहभागींची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात येईल.' चौतीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला 'यादृच्छिक' कळला नव्हता. कुणाला विचारावं? मुलाला, महेंद्रला फोन केला असता तर तो हसला असता: आई, तू मला डिक्शनरी बघायला लावायचीस. त्यांनी पान मिटलं होतं. सरकारी, दवाखान्याचे कागद असेच असतात, आत तेच तेच असतं, अशी मनाची समजूत घातली होती, आणि पिशवी कपाटात ठेवली होती.

आता त्यांनी उभ्याउभ्याच पुढची पानं उलटली. सातव्या पानावर, मधोमध, ठळक अक्षरांत वाक्य होतं: 'आपली सध्या सुरू असलेली मधुमेहाची औषधे कोणत्याही परिस्थितीत बंद करू नयेत.' त्याच्याखाली चौकट होती. चौकटीत लिहिलं होतं, शंका असल्यास बाराव्या पानावरच्या नंबरवर फोन करा. शाळेतलं पोर वाचील इतकं सोपं मराठी.

त्यांच्या स्वतःच्या साखरेच्या गोळ्या चालू होत्या. वाचलं म्हणून नव्हे. सवयीने.

ओट्याला टेकून त्यांनी मेघनाला फोन लावला. पलीकडून पोरगी घाबरून गेली. "पण मॅडम, मी दर सोमवारी आजींना फोन करत होते. गोळ्या घेताय ना, तर म्हणायच्या, घेते. डायरी लिहिताय ना, तर म्हणायच्या, रोज लिवते."

"खोटं नव्हती बोलत," मंजुळाबाई म्हणाल्या. "रोज लिहीत होती."

फोन ठेवला तरी त्या तिथेच उभ्या होत्या. खिडकीतून दुपारचं ऊन ओट्यावर आलं होतं, आणि त्या उन्हात त्यांना बुद्धविहाराचा व्हरांडा दिसत होता.

साल एक्याण्णव. साक्षरतेची मोहीम. संध्याकाळी पाचाला विहाराच्या व्हरांड्यात वर्ग भरायचा. वस्तीतल्या बायका यायच्या, आणि बांधावरून चालत गावातल्या आगरी बायका. त्यातली आवडा सगळ्यात उशिरा, कारण ती मिठागरावरून सरळ यायची. पोटऱ्यांवर मीठ पांढरं वाळलेलं. विहारात शिकायला जाते म्हणून तिची सासू आठ दिवस बोलली नव्हती. आवडा म्हणाली होती, "बरं झालं, आठ दिस कानाला आराम."

पहिल्या दिवशी हजेरीपटावर आवडाने अंगठा उठवला होता, कुणी न सांगताच. तिच्या सासऱ्याचा असाच अंगठा घेऊन कुणीतरी खाडीकाठचा तुकडा लाटला होता. सगळ्या गावाला ती गोष्ट पाठ होती. मंजुळाबाईंनी तिचा हात हातात घेतला, स्वतःच्या पदराचं टोक ओलं केलं आणि तो अंगठा पुसून काढला, सगळ्या बायकांसमोर. म्हणाल्या, "आजपासून या अंगठ्याला शाई लागता कामा नये. कागदावर रिकामी ओळ दिसली की आपलं नाव घालायचं. आपल्या जागेवर दुसऱ्या कुणाला बसू द्यायचं नाही."

पाटीवर त्यांनी चिंचोके मांडून तिचं नाव बनवलं होतं. आवडा महिनाभर चिंचोक्यांवरून बोट फिरवत बसली. नाव आलं. पुढे क, ख, ग, काना, मात्रा. तिथे मात्र ती अडायची, हसायची, म्हणायची उद्या. मग परीक्षेचा दिवस आला, जिल्ह्याहून साहेब आले. धडा वाचायचा होता, चारच ओळींचा. आवडा उभी राहिली आणि खडाखडा म्हणाली. साहेब खूश झाले. गाव साक्षर जाहीर झालं, मंजुळाबाईंना शाल-नारळ मिळाला, आणि टाळ्यांच्या त्या गडबडीत बाईंनी सगळ्या गावासमोर सांगितलं, "आमची आवडा आता वाचते."

धडा म्हणताना आवडाचे डोळे पुस्तकावर नव्हते. बाईंच्या ओठांवर होते. ते मंजुळाबाईंनी तेव्हाच पाहिलं होतं.

तेहतीस वर्षं ती गोष्ट त्यांनी अशी ठेवून दिली होती, जशी ती प्लॅस्टिकची पिशवी.

चौथ्या दिवशी आवडाबाईंच्या नाकातली नळी काढली. मंजुळाबाई गेल्या तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या आणि कल्पिताला पेज अळणी असल्याबद्दल बोलत होत्या.

"ह्या बघ, आल्या माज्या बाई. मेली तुमची शिष्या असती म्हंजे? शाल परत द्याया लागली असती."

मंजुळाबाई हसल्या नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं. कल्पिता भांडं विसळायला बाहेर गेली.

"आवडे, तुला वाचता येत नाही."

आवडाबाई खिडकीकडे बघत राहिल्या. खाली कुणी रिक्षावाला दुसऱ्याला शिव्या देत होता.

"नाय," त्या म्हणाल्या.

"कधीच नाही?"

"आकडं वलकते. बसचा नंबर वलकते. माजं नाव वलकते, ते कुठं पन असूद्या." त्यांनी मान वळवली. "तुमाला म्हाईत व्हतं ना बाई?"

मंजुळाबाई चादरीची सुरकुती बोटाने सपाट करत होत्या. एक झाली की दुसरी.

"मग त्या मेघनापुढे बोलली का नाहीस? ती विचारत होती तुला."

"मना कुठं बोलू दिलं? इचारलं मना, बोल्लाव तुमी." आवडाबाईंच्या आवाजात राग नव्हता. "सगल्या गावासमोर बाईंनी सांगलं आवडा वाचते. मंग मी कशी सांगू, नाय वाचत म्हनून? तुमची शाल उतरवू? सुनंला पन नाय सांगलं. पेपर हातात धरून बसते, ती च्या आनून देते."

"आणि वही?"

"रिकामी ओल व्हती ना. रोज एक." त्यांनी उजवा हात उचलून बघितला, सलाईनच्या सुईने काळानिळा झालेला. "शेवटी शेवटी हात वलत नवता. तरी घातलं. बोल्ले, बाई तपासतील."

मंजुळाबाई उठल्या आणि खिडकीशी गेल्या. गज दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या, पाठ खाटेकडे करून. मागून आवाज आला, "बाई, पेज खाताव काय? अलनी हाय पन."

महिन्याभराने ठाण्याहून बोलावणं आलं. आवडाबाईंच्या प्रकरणाची तपासणी झाली होती. गोळीचा दोष नव्हता. पण त्यानंतर संमतिपत्रात काही ओळी नव्याने घातल्या होत्या, आणि सगळ्यांना ते पुन्हा द्यायचं होतं. आवडाबाईंना पुढे राहायचं असेल तर त्या राहू शकत होत्या. नसेल तर नाही.

दोघी बसने गेल्या. तीच खोली, तेच टेबल. मेघना हडकली होती. मंजुळाबाईंना बघून ती उठून उभी राहिली आणि तिने पाण्याचे ग्लास पुढे केले. टेबलाच्या कडेला उत्तमराव नावाचे एक गृहस्थ बसले होते. रक्तपेढीतून निवृत्त झालेले, साक्षीदार म्हणून बोलावलेले. टेबलावर शाईचा डबा होता, नवा, झाकण लावलेला.

"आजी, आज मी सगळं वाचून दाखवणार आहे," मेघना म्हणाली. "कळलं नाही तिथे थांबवा मला."

"आज आयकाया आलेय मी. वाच."

मेघनाने वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या पानावर आवडाबाईंनी हात वर केला.

"थांब. ते काय बोल्लीस? याद... काय?"

"यादृच्छिक. म्हणजे आजी, चिठ्ठ्या टाकल्यासारखं. कुणाला खरी गोळी, कुणाला खोटी, हे आम्ही ठरवत नाही."

"चिठ्ठ्या! मंग चिठ्ठ्या लिवायचं ना, मेल्यांनो."

उत्तमराव खुदकन हसले. मंजुळाबाई हसल्या नाहीत. त्यांचं बोट ओठांवर गेलं आणि तिथेच राहिलं.

"आन मना कुठची मिलाली, तुला म्हाईत हाय?"

"नाही आजी."

"डागतरला?"

"त्यांनाही नाही."

"म्हंजे तुमी सगली आन मी, सारखीच अडानी." आवडाबाईंनी समाधानाने मान हलवली. "वाच फुडं."

दीड तास लागला. आवडाबाई एकेक गोष्ट उलटून पालटून विचारत होत्या. रक्त किती काढणार? घरात मयत झालं आणि येता नाही आलं तर? मधेच नको वाटलं तर कुणाला कारण सांगावं लागेल? मेघना म्हणाली, कारण सांगावं लागत नाही, कुणीच विचारणार नाही. ते त्यांनी तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. सातव्या पानावर मेघनाचा आवाज कापरा झाला, तेव्हा त्यांनी टेबलावरून हात पुढे करून तिच्या मनगटावर ठेवला. "वाच पोरी. आता म्हाईत झालं."

शेवटचं पान संपलं. मेघनाने डब्याचं झाकण उघडलं. काळी शाई चकाकत होती.

आवडाबाईंनी त्या शाईकडे पाहिलं, मग आपल्या अंगठ्याकडे.

"सगलं समजलं," त्या म्हणाल्या. "म्हनून आता नको."

"गोली वायीट नाय, तुमी वायीट नाय. पन मना नको." त्यांनी खुर्चीला पाठ टेकवली. "नको बोलाया अंगठा कुठं लावायचा?"

"कुठेच नाही आजी. नको म्हणायला काहीच लागत नाही."

"कायच नाय?" आवडाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, जे तेहतीस वर्षांपूर्वी चिंचोक्यांवरून पहिल्यांदा बोट फिरवताना उमटलं होतं. "एवऱ्या वर्सांत हे कुनी सांगलंच नाय."

मेघनाने त्यांची फाईल मिटली. उत्तमराव पिशवी उचलून उठायला लागले. दुसरी फाईल उघडून तिने शेवटचं पान वर घेतलं आणि पेनासकट मंजुळाबाईंपुढे सरकवलं.

"भालेराव मॅडम, तुमचं काय, सोपं आहे. तुमचं वाचून झालेलंच आहे. चारच ओळी नवीन आहेत. इथे सही करा की झालं."

सहीची जागा रिकामी होती. मंजुळाबाईंनी पेन हातात घेतलं. चौतीस वर्षांच्या हजेरीपटांवर, निकालपत्रांवर, आवडाच्या साक्षरतेच्या प्रमाणपत्रावरही त्यांची सही होती. वळणदार, शेवटी दोन टिंबं. पेनाचं टोक कागदाला टेकलं, निळा ठिपका उमटला. ठिपक्यापुढे पेन सरकलं नाही.

त्यांनी टोपण लावलं. पेन टेबलावर आडवं ठेवलं. मग चोवीस पानांचा तो गठ्ठा उलटा केला, पहिलं पान वर आणलं आणि मेघनाच्या पुढ्यात सरकवलं.

"मॅडम?"

"उत्तमराव, बसा जरा," मंजुळाबाई म्हणाल्या. "अजून दीड तास लागेल."

मेघनाला काही उमगेना. ती एकदा बाईंकडे, एकदा त्यांच्या सहीच्या जुन्या पानाकडे बघत होती. मंजुळाबाईंनी डावा हात टेबलावर ठेवला, अंगठा पुढे करून, शाईच्या डब्याशेजारी.

आवडाबाई जायला उठल्या होत्या. त्या थांबल्या. त्यांनी बाईंचा हात पाहिला, डबा पाहिला. खुर्ची बाईंच्या जवळ ओढून त्या पुन्हा बसल्या.

"पहिल्यापासून वाच गं," त्या मेघनाला म्हणाल्या. "सावकाश. चिठ्ठ्यांचं नीट सांग."

मेघनाने वाचायला सुरुवात केली. आवडाबाईंनी समोरच्या ग्लासात पदराचं टोक बुडवलं, पिळलं, आणि ते हातात धरून बसून राहिल्या.